निळं ऑल्ट, राणी ऑल्ट

सर गेले तो मंगळवार होता. सकाळी त्यांनी चहा घेतला आणि ते गच्चीवर गेले. काकूंनी खालून हाक मारली. उत्तर आलं नाही. मी वर गेले. डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं. दुपारी त्यांच्या मुलीला, सईला फोन लागला. ती विमानातून उतरत होती. संध्याकाळी लोधिवलीची माणसं जमली आणि सरांना घेऊन गेली.

नंतरचा आठवडाभर लोक भेटायला येत राहिले. जो तो दारावरची बेल दाबायचा, हळूच ‘वाजली’ म्हणायचा आणि मग चपला काढायचा. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटलं, इकडे सुतकात असं म्हणायची पद्धत असेल. एका पाहुण्या बाईंनी तर दाराशी हात जोडून ‘वाजली’ म्हटलं आणि डोळे टिपले. ती पद्धत सरांची होती. बेल दाबली म्हणजे वाजलीच असं नाही, दाबणाऱ्यानं ऐकावं आणि ऐकल्याचं सांगावं, एवढं त्यांनी आळीला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. न सांगता कुणी आत आलं तर ते त्याला परत बाहेर पाठवायचे. दूधवाला, टपाल आणणारी मुलगी, पंचायतीचे सदस्य, सगळे एकदा तरी बाहेर जाऊन आले होते.

ते माझे घरमालक, काकू त्यांची बायको. मी खोपोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि जुन्या हायवेच्या आत, लोधिवलीत, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. खोली बघायला आले तेव्हा त्यांनी माझं गाव, जात, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, “दिवा लावा.” मी बटण दाबलं. त्यांनी विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, दिवा लावला. ते छताकडे बघत राहिले. मीही बघितलं. दिवा लागला नव्हता. लाइट गेली होती.

“दिवा लावला हा तुमचा समज,” ते म्हणाले. “तुम्ही बटण दाबलं. दिव्यानं काय केलं ते वर बघून सांगायचं असतं.”

मला वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतो. खोली मात्र हवेशीर होती आणि खिडकीतून माथेरानचा डोंगर अख्खा दिसत होता. मी राहिले.

सर मुंबईत विमानाच्या पायलटांना शिकवायचे. स्वतः विमान त्यांनी कधीच चालवलं नाही. एका मोठ्या हॉलमध्ये जमिनीला खिळलेल्या खोट्या कॉकपिट असत. पायलट त्यांत बसत, आणि सर त्यांच्या पाठीमागे उभे राहून चूक होण्याची वाट बघत. निवृत्त झाल्यावर ते गावी परतले, वडिलांच्या जागेवर घर बांधलं, आणि चूक होण्याची वाट बघण्याचं काम त्यांनी तसंच पुढे चालू ठेवलं. फक्त पायलट बदलले. आता काकू होत्या, मी होते आणि पाण्याची मोटर होती.

त्यांची सगळी विद्या एका पट्टीत होती. पायलटच्या समोर जो पडदा असतो त्याच्या वरच्या कडेला ही अरुंद पट्टी असते आणि तिच्यात तीन-चार अक्षरांचे इंग्रजी शब्द उमटतात. पायलट नॉब फिरवून उंचीचा आकडा लावतो आणि त्याला वाटतं, आता विमान तिथपर्यंत चढून थांबेल. सरांचं म्हणणं होतं की वाटणं आणि थांबणं यांच्यामध्ये ही पट्टी आहे. हिरव्या अक्षरांत जे दिसतं ते विमान आत्ता करतंय. त्याच्याखाली निळ्या अक्षरांत जे दिसतं ते अजून करत नाही, नुसतं तयारीत आहे. निळ्या रंगात ‘ऑल्ट’, म्हणजे उंची, दिसलं की समजायचं, तुम्ही लावलेल्या उंचीला थांबायचं विमानानं मनावर घेतलंय. थांबलेलं नाही, मनावर घेतलंय. ऑल्ट दिसलंच नाही, तर ते थांबेल असं तुम्हाला कोणी सांगितलं? असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट बघत राहायचे. आयुष्यात मी दोनदाच विमानात बसले आहे, दोन्ही वेळा शेवटच्या रांगेत, पण हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ आहे.

पट्टी नुसती बघून भागत नसे, मोठ्यानं वाचावी लागे. शब्दही आणि रंगही. ‘ऑल्ट’ एवढंच म्हणणाऱ्या पायलटला सर मागून विचारायचे, रंग कोण सांगणार? त्यांच्या हाताखालून गेलेले पायलट कधीमधी हायवेवरून जाताना घरी यायचे, चांगले केस पिकलेले कॅप्टन, आणि चहा पिताना सांगायचे की सरांइतकं रंगाच्या मागे लागलेला माणूस त्यांनी दुसरा बघितला नाही. हे ऐकून सर खूश व्हायचे, असं मला वाटायचं. आता आठवतं की ते अशा वेळी बशीतल्या बिस्किटाकडे बघत असत.

गावाची त्यांनी हिरवी माणसं आणि निळी माणसं अशी वाटणी केली होती. गच्चीवरचा पत्रा बदलायला ‘उद्या येतो साहेब’ म्हणणारा चौकचा माणूस निळा. नळयोजना निळी. निवडणुकीला उभे राहणारे सगळे पक्ष धरून निळे. निव्वळ हिरवा असा आळीत एकच जीव होता, शेजारची शेळी. ती कसल्याच तयारीत नसायची. दिसलं की खायची. मी पीएचडीचा विषय नक्की करतेय असं एकदा जेवताना म्हणाले तर सरांनी मान तिरपी करून माझ्याकडे बघितलं आणि काकूंना म्हणाले, “मॅडम निळ्या झाल्या.” मी अजून निळीच आहे.

पण खरी गंमत तिसऱ्या रंगाची होती. विमानाला जो मार्ग आखून दिलेला असतो त्यात वाटेत काही अटी असतात: अमुक ठिकाणापर्यंत सात हजार फुटांच्या वर जायचं नाही. तुम्ही भले दहा हजार लावा, विमान अट पाळून आधी सातला थांबतं. तेव्हाही पट्टीत तेच ‘ऑल्ट’ येतं, अक्षरं तीच, फक्त रंग मॅजेंटा. मॅजेंटा म्हणजे कसा, हे काकूंनी विचारलं. त्यांच्या मुलीनं, सईनं, पुस्तकातलं चित्र दाखवलं. काकूंनी ते जरा लांब धरून बघितलं.

“मग राणी म्हणा की सरळ,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात मॅजेंटा गेला आणि राणी आला. निळं ऑल्ट म्हणजे सांगितलं तिथे थांबणार. राणी ऑल्ट म्हणजे आधी वाटेत कुठेतरी थांबणार. काकूंचं माहेर कुंभिवलीला, फार लांब नाही, पण वाटेत चौकला त्यांची चुलतबहीण, पुढे एक भाजीवाली, पुढे दोन विहिणी. त्या सकाळी निघाल्या की सर मला जिन्यातून सांगायचे, ही राणीत निघालीय, आजच्या आज पोचली तर पुष्कळ. काकू पायरीवरूनच म्हणायच्या, “अवो, तुमी तर घरातनं हालत नाय, तुमचा रंग कंचा?” यावर सर खरंच विचारात पडायचे.

आणि एक चांदणी होती. विमान ठरलेल्या उंचीजवळ आलं की नाक खाली करून सपाट व्हायला लागतं. तेव्हा ऑल्टच्या शेजारी एक चांदणी उमटते. त्या चांदणीत असताना उंचीच्या नॉबला हात लावायचा नाही. लावलात तर विमान सपाट होणं सोडून देतं आणि त्या क्षणी ज्या वेगानं चढत होतं त्याच वेगानं चढत राहतं, कुठे थांबायचं हे विसरून. सर हे सांगताना आवाज खाली आणायचे. काकूंचा राग उतरायला लागला की ते माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायचे आणि बोटांनी हवेत चांदणी काढायचे. मग आम्ही दोघं ताटात बघून जेवायचो. काकू एकट्याच बोलत असायच्या, शब्द कमी कमी होत जायचे, आणि शेवटी एक उसासा यायचा, की झालं सपाट.

हा नियम त्यांच्याहून जास्त कोणी मोडला नाही. एकदा मोटर रात्रभर चालू ठेवल्यावरून काकू तापल्या होत्या. सगळं ओसरत आलं होतं, वाढायला लागल्या होत्या, मला दुसरी भाकरी मिळाली होती. सरांनी स्वतः चांदणी काढून दाखवली. आणि मग म्हणाले, “पिठल्यात मीठ मात्र जरा कमी आहे हं.” काकू तिथून जे चढल्या ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरल्या नाहीत. सर गच्चीवर येऊन मला म्हणाले, नॉबला हात लागला.

गच्ची ही त्यांची दुसरी शाळा. मुंबईकडे उतरणारी विमानं माथेरानच्या अंगावरून यायची, आणि पनवेलपलीकडचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून तर सरांना दुपारची झोप घेणंही अवघड झालं. ते खुर्ची टाकून बसायचे आणि वर बघून सांगायचे: हा आता सपाट होईल. झाला. हा अजून नाही. त्यातल्या एखाद्या विमानात सई असेल का, असं काकू विचारायच्या. सर म्हणायचे, असेल. तेवढंच म्हणायचे.

काकूंच्या भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी राणी रंगाचं लुगडं काढलं. त्यावर ब्लाउजपीस हवा होता. काकूंचा गुडघा दुखत होता, मी कर्जतला जाणारच होते, सर म्हणाले मीही येतो. काकूंनी ते लुगडं त्यांच्या पिशवीत ठेवलं आणि बजावलं, हे धरून बगा आणि असंच आना. कर्जतच्या बाजारात ब्लाउजपीसचं दुकान आहे. भिंतभर कापडाच्या गुंडाळ्या, आणि दुकानदार असा की पदर नुसता बघून, न मोजता, नेमकी गुंडाळी ओढतो. मी पलीकडे वह्यांच्या दुकानात गेले होते. परत आले तर सर कापड घेऊन रस्त्यावर उभे. दुकानदारानं नेमकी गुंडाळी ओढून शेजारी आणखी तीन टाकल्या होत्या म्हणे; त्यांनी सांगितलं, ही, आणि दुकानदार म्हणाला, काका, ही कशी, तर हे म्हणाले, हीच. घरी काकूंनी पुडी उघडली. आत निळं कापड होतं. मोरपिशी नाही, जांभळं नाही, शाळेच्या गणवेशाचं असतं तसं निळं.

काकूंनी ते लुगड्यावर ठेवलं आणि मला बोलावलं. म्हणाल्या, बग गं. रागावल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की पुरुषमाणसाला रंग कळत नाही हे जगजाहीर आहे, त्यांच्या वडिलांना कळत नव्हता, भावांना कळत नाही, चूक पाठवणाऱ्याची. दुसऱ्या दिवशी गुडघा बांधून त्या स्वतः जाऊन राणी पीस घेऊन आल्या. निळा पीस कपाटात राहिला. सरांनी त्या दिवशी चांदणी काढली नाही की काही नाही.

लग्नाच्या पुढच्या महिन्यात सई घरी आली. एरवी आली की बॅग टाकून आधी विहिरीवर पाय धुवायची. या वेळी थेट खोलीत गेली. काकूंनी दाराबाहेरून विचारून विचारून काढलं ते असं: ती एका विमान कंपनीत को-पायलट होती, आणि दर सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीत ती नापास झाली होती. खोट्या कॉकपिटमध्ये बसवून घेतात तीच तपासणी. चढताना पट्टीत ऑल्ट आलं. तिनं मोठ्यानं वाचलं: ऑल्ट, निळं. ते राणी होतं. विमान सातला सपाट झालं, ती दहाची वाट बघत राहिली, आणि काहीतरी बिघडलंय असं वाटून तिनं भराभर तीन-चार बटणं दाबली, एकदाही वर न बघता. कंपनीनं आणखी एक संधी दिली होती. त्यातही नापास झाली तर नोकरी जाणार होती.

सरांची मुलगी रंगावर नापास झाली होती. ही बातमी सरांना कशी सांगावी हा प्रश्न नव्हताच. ते जिन्यात उभं राहून सगळं ऐकत होते. ते गेले आणि शेजाऱ्यांच्या नव्या फ्रीजचा पुठ्ठ्याचा खोका मागून घेऊन आले.

पडवीत कॉकपिट उभी राहिली. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर खोका, त्याला कापून केलेली खिडकी. उंचीचा नॉब म्हणून पंख्याचा जुना रेग्युलेटर. खिडकीवर दोरी, दोरीला कपड्यांचे चिमटे, आणि चिमट्यांत लटकवायचे पत्ते: एकाच ऑल्टचे निळे आणि राणी, शिवाय चांदणीवाला हिरवा. कार्डशीट मी खोपोलीहून आणले आणि रंग सांगत एकेक सरांच्या हातात दिले; त्यांनी ते कापले, आणि राणी पत्त्यांचा एकेक कोपरा कात्रीनं उडवला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, पकडायला सोपं जातं.

सईनं दार उघडलं नाही. तेव्हा सरांनी मला आणि काकूंना खुर्च्यांवर बसवलं. काकू कॅप्टन, मी को-पायलट. सर मागे उभे. त्यांनी निळा पत्ता लावला. मी वाचलं, ऑल्ट निळं. काकूंनी ‘चेक्ड’ म्हणायचं असतं, त्या म्हणाल्या, “बरं.” सरांनी राणी लावला. मी विचारात पडले की आता नॉब आत दाबायचा की बाहेर ओढायचा. आत दाबला तर विमान वाटेतल्या अटी पाळतं, बाहेर ओढला तर अटी सोडून थेट चढतं, इतकं आठवत होतं, पण कोणतं आत्ता हवं ते आठवेना. मी रेग्युलेटर ओढला. तो हातात आला. काकू म्हणाल्या, इमान पडलं का? सर म्हणाले, अजून नाही, पण प्रवासी घाबरलेत. काकूंनी मागे वळून प्रवाशांना, म्हणजे तिथे वाळत घातलेल्या पापडांना, सांगितलं की घाबरू नका, बाई शिकलेल्या हायत.

आमचा हा खेळ दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी आम्ही चांदणीत नॉब फिरवून तीन वेळा डोंगरावर आदळलो, तेव्हा दार उघडलं. सई बाहेर आली आणि मला म्हणाली, “उठा तुम्ही. बघवत नाही.”

मी उठले. ती बसली. त्यानंतर रोज दुपारी बाप-लेकीचा सराव सुरू झाला. सर पत्ता लावायचे, सई वाचायची, काकू ‘चेक्ड’ म्हणायला शिकल्या होत्या. सई चुकायची. घाई करायची, रंग आधी म्हणून मग बघायची. पण हळूहळू आवाज सुटायला लागला. मी कॉलेजातून येऊन पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे आणि वाचायचे नाही.

एके दुपारी पडवीत कोणी नसताना शेजारची शेळी आली. तिनं निळे आणि राणी असे दोन्ही पत्ते खाल्ले, हिरवा ठेवला. काकूंनी वेळ घालवला नाही. कपाटातला तो निळा ब्लाउजपीस काढला, शिवून उरलेली राणीची चिंधी काढली, पुठ्ठ्यावर चिकटवली, वर मी खडूनं अक्षरं लिहिली. नवे पत्ते जुन्यांपेक्षा छान झाले. चारही कोपरे शाबूत.

सरावाला सुरुवात झाली. सरांनी दोन्ही पत्ते हातात घेतले, उलटसुलट केले, एक लावला.

“ऑल्ट, राणी,” सई म्हणाली.

“नीट बघ,” सर म्हणाले. “निळं आहे.”

सईनं बघितलं. म्हणाली, राणी आहे, बाबा. सर म्हणाले, घाई करतेस. दहा हजार लावलंय, वाटेत अट नाही, निळंच येणार. ते बरोबर होतं, त्या धड्यात निळंच यायला हवं होतं. सई परत वर बघत राहिली. मी पायरीवर होते, मला राणी दिसत होतं. सर तापट नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. तपासणी चार दिवसांवर आली होती. सईनं रेग्युलेटरवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

“मला रंगच कळत नाहीत,” ती म्हणाली. “त्यांनी बरोबर नापास केलं. मी नाही जाणार परत.”

ती रडत नव्हती. कोणाला तरी घराचा पत्ता सांगावा तसं सांगत होती, आणि म्हणून मला भीती वाटली. ती चिमट्यांकडे बघत होती आणि जे समोर होतं त्यावर तिचा विश्वास राहिला नव्हता.

सर खुर्चीच्या मागे उभे होते. चाळीस वर्षं ते तिथेच उभे राहत आले होते. ते पुढे आले, खोक्याला वळसा घालून, आणि पत्त्याच्या शेजारी उभे राहिले, म्हणजे सईला त्यांचं तोंड दिसेल असे. मुंबईत गेल्यापासून सर गावची बोली बोलत नसत, भांडतानाही नाही.

“तुजं बरोबर हाय, सई,” ते म्हणाले. “मला नाय दिसत. दोनी एकच दिसतात मला. पयल्यापासून.”

आतून काकू आल्या, हातात उलथनं. त्यांनी पत्त्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, राणीच हाय की, माज्या पोलक्याची. मग त्यांनी आम्हा तिघांकडे बघितलं.

नंतर सरांनी बसून सांगितलं. तरुणपणी ते पायलट व्हायला गेले होते. रंगीत ठिपक्यांची चित्रं दाखवतात, ठिपक्यांत आकडा असतो. त्यांना ठिपकेच दिसले. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर जास्त निघाला. मग शिकवायच्या नोकरीत लागले. हिरवा आणि निळा त्यांना वेगळे कळायचे, राणी आणि निळा कधीच नाही. म्हणून पायलटांना विचारत राहिले: रंग सांगा, मोठ्यानं सांगा. पायलट सांगायचे, हे ‘चेक्ड’ म्हणायचे. लोकांना ती शिस्त वाटली. शिस्तच झाली पुढे, ते म्हणाले, पण सुरुवात तशी नव्हती.

“आणि कोणी चुकीचा रंग सांगितला तर?” सईनं विचारलं.

“दोघं असतात ना कॉकपिटमध्ये. दुसरा टोकायचा,” सर म्हणाले. “नाहीच टोकलं, तर मी विमान कुठे थांबतं ते बघायचो.”

काकूंनी एवढंच विचारलं की मग आपलं लग्न ठरलं तेव्हा मी कंच्या रंगाचं लुगडं नेसले होते, ते तुमाला कसलं दिसलं. सर म्हणाले, छान दिसलं. काकू म्हणाल्या, त्यांना वाटायचं सगळ्याच पुरुषांना असं दिसतं, आणि परत आत गेल्या, कारण तव्यावर भाकरी होती. सईला हसू आलं. तिच्या पाठोपाठ सरांना, आणि मग मला, पुस्तक तोंडापुढे धरून.

त्या दिवसापासून सराव उलटा झाला. काकू पत्ता लावायच्या, सई वाचायची, आणि सर तिला विचारायचे, नक्की? ते विचारणं खरं होतं. त्यांना माहीत नसायचं. सई वर बघायची, एक श्वास घ्यायची आणि सांगायची. तिच्यावाचून बापाला विमान कुठे थांबेल ते कळणार नव्हतं. ती एकदाही चुकली नाही असं नाही, पण चुकली तर स्वतःच थांबून परत बघायची.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं फोनभोवती बसलो. सर फोनकडे असे बघत होते, जणू तो वाजेल, पण वाजल्याचं सांगणार नाही. तो वाजला. काकूंनी ‘वाजला’ म्हटलं. सरांनी उचलला आणि म्हणाले, वाच. पलीकडून सई काहीतरी म्हणाली. सरांचा चेहरा हलला नाही. काकूंनी फोन ओढून घेतला आणि म्हणाल्या, तुमचं ते पट्टीचं ऱ्हाऊ द्या, पास का नापास ते सांग गं. मग ‘पास’ म्हणत त्यांनी फोन छातीशी धरला आणि पदर तोंडाला लावला. सर गच्चीवर निघून गेले.

पुढे सर लाज सोडून विचारायला लागले. टोमॅटो पिकलाय का, शर्ट कोणता आहे, समोरच्या बाईचं लुगडं निळं की राणी. बाजारात भाजीवाल्यांना विचारायचे. चौकच्या बाया त्यांना बघून आधीच सांगायच्या, काका, आज मी हिरवी हाय. ते ‘चेक्ड’ म्हणून पुढे जायचे. मला वाटतं, त्या दीड-दोन वर्षांत ते जितके मोकळे होते तितके आधी कधी नसावेत. एका पावसाळ्यात डोंगर हिरवागार झाला असताना त्यांनी मला विचारलं की तुम्हाला नेमकं काय दिसतं ते सांगा. मी पुस्तकं वाचणारी बाई. मला पंधरा-वीस शब्द सुचले. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, मला पण बरंच दिसतं.

सर गेल्यावर चौथ्या महिन्यात सईची पुढची तपासणी आली. ती आधी चार दिवस घरी आली, काही न बोलता पडवीत जाऊन बसली. काकूंनी पदर खोचला. मी दोरी बांधली.

सई को-पायलट आहे. तपासणी दर सहा महिन्यांनी असते, आणि प्रत्येक वेळी ती आधी घरी येते. मी पत्ते लावते, ती वाचते. तिच्यामागे आता काकू उभ्या राहतात. काकूंना इंग्रजी अक्षरं येत नाहीत, म्हणून अक्षरं सई त्यांना सांगते, आणि रंग त्या स्वतः बघतात.